बबनराव टाकीवर बसतात

दाब या विषयात आपल्याला कोणी शिकवू नये, असं दिग्विजयचं ठाम मत होतं. चाकणच्या एका कारखान्यात तो हायड्रॉलिक प्रेस चालवायचा. त्यामुळे घरातल्या कुकरची शिट्टी झाली नाही तरी तो स्वयंपाकघरात जाऊन दाबावर व्याख्यान द्यायचा. त्याची बायको विजयश्री तेवढ्यात शिट्टी धुऊन परत लावायची.

तिच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. तिला खानावळ काढायची होती. मागच्या खोल्यांमध्ये कंपनीतली पोरं भाड्यानं राहायची आणि शिफ्ट सुटली की वडापाववर भागवायची. पण सासरे बबनराव अडून बसले होते.

"घरात प्यायला पानी न्हाई आन म्हनं खानावळ. आधी पान्याची सोय दाखवा. न्हाई झाली, तर ह्यो विषय परत काढायचा न्हाई."

गावच्या नळाला दाब इतका कमी, की पाणी गच्चीवर चढायचंच नाही. दिग्विजयनं तोडगा काढला. अंगणात खड्डा खणायचा आणि दोन हजार लिटरची प्लास्टिकची टाकी जमिनीत पुरायची. पाणी आपोआप खाली उतरेल. "टाकी अशी बसवतो," तो म्हणाला, "की माझी नातवंडं म्हातारी झाली तरी जागची हलायची नाही!"

टाकी खड्ड्यात उतरली. भोवतीनं माती लोटली. ती माती दबायला पाणी सोडायचं आणि सोबत टाकीही भरत न्यायची, ही साधी रीत. पण इथं दिग्विजयच्या आई, सुमनताई, आडव्या आल्या. जलपूजनाचा मुहूर्त दुपारचा होता. त्याआधी टाकीत थेंब पडता कामा नये. टाकीला हार घातला होता, हळदीकुंकू लावलं होतं, भावकीला निरोपही गेले होते.

"मग माती पण दुपारीच दाबू," विजयश्री म्हणाली. "रिकामी घागर विहिरीत सोडली तर तरंगतेच ना?"

"घागर वेगळी गं. हिला सगळ्या बाजूंनी मातीचा दाब आहे," दिग्विजय म्हणाला आणि टँकरवाल्या रोहिदासला त्यानं हात केला. "सोड भावा."

अख्खा टँकर खड्ड्यात रिकामा झाला. रोहिदास पाइप गुंडाळून गेला. माती आधी बुडबुडली, मग तिचा नुसता राडा झाला. मग टाकीवरचा हार हलला. आणि विसर्जनाला नेलेल्या गणपतीनं घरी परतायचं ठरवावं, तशी टाकी हळूहळू वर यायला लागली.

"दिगू, ही वर येतीय रं," सुमनताई म्हणाल्या.

"मातीतली हवा आहे. बसेल."

टाकी कमरेएवढी वर आली. तेवढ्यात बबनराव तळहातावर तंबाखू मळत अंगणात आले. टाकीकडं बघितलं, लेकाकडं बघितलं. "झालं? विषय बंद."

विजयश्रीचं तोंड उतरलं. तिनं खानावळीसाठी माहेराहून मोठी पातेलीसुद्धा आणून ठेवली होती. तिला खरंच रडू यायला लागलं होतं.

"बंद कसा?" दिग्विजय म्हणाला. "नुसतं वजन पाहिजे. आबा, तुमच्यासारखं पैलवानी शरीर आख्ख्या गावात नाही. तुम्ही बसा वर."

स्तुती ऐकून बबनराव विरघळले आणि बसले. टाकी वीतभर खाली गेली. दिग्विजयला चेव आला. त्यानं रात्रपाळीहून आलेल्या, मागच्या खोलीतल्या सनीला आणि त्याच्या दोन मित्रांना हाक मारली. तेही चढले. टाकी आणखी थोडी दबली आणि थांबली.

दिग्विजयनं मनातल्या मनात हिशोब केला. "पुरी खाली जायला दोन टन लागतील. म्हणजे अजून पंचवीसेक माणसं."

"ती बसनार कुठं, माझ्या डोक्यावर?" बबनराव म्हणाले.

सनी गुपचूप उतरायला गेला. टाकी कलंडली, त्याचा एक मित्र छातीपर्यंत चिखलात गेला आणि बबनरावांनी हारालाच मिठी मारली. मित्राला कसंबसं परत वर ओढलं. आता कुणालाही उतरायची सोय राहिली नाही. नेमकी तेव्हाच भावकी फाटकातून आत यायला लागली. त्यांच्यासोबत आलेल्या बबनरावांच्या मेव्हण्यानं नमस्कार करायच्या आधी मोबाइल बाहेर काढला.

विजयश्री पदर खोचून बादली घेऊन आली. "खड्ड्यातलंच पाणी उपसून आत ओतू. भरली की आपली आपण बसेल."

"मुहूर्ताआधी थेंब न्हाई," सुमनताई म्हणाल्या.

"मुहूर्त दुपारी हाय, मी आत्ता बुडतोय," बबनराव म्हणाले.

सुमनताईंनी धर्माचा आणि नवऱ्याचा एकदमच विचार केला. मग म्हणाल्या, "मुहूर्त पान्याचा हाय. ह्यो चिखल हाय. चिखलाला मुहूर्त लागत न्हाई."

विजयश्रीनं बादली भरली, टाकीच्या तोंडाशी नेली आणि सासऱ्यांसमोर तिथंच धरून ठेवली.

"मामा, खानावळीचं काय?"

"आधी वत."

"आधी बोला."

"काका, हो म्हणा की," मागून सनी म्हणाला. "आम्ही तर आजच जेवायला येतो."

टाकी पुन्हा डुलली. मेव्हण्याचा मोबाइल आणखी जवळ आला. बबनरावांनी डोळे मिटले. "घाल. घाल खानावळ, माझे आई."

मग सगळी भावकीच बादल्या घेऊन लागली. बाहेरचं पाणी आत गेलं तशी टाकी मुकाट्यानं खाली बसली, जराशी तिरकी. बबनराव रुबाबात उतरले. खड्डा कोरडा पडल्यावर आतला चिखल उपसला, टाकी धुतली, आणि दुपारी मुहूर्तावर नळाचं पाणी आत सोडून नारळ फोडला.

संध्याकाळी ओटीवर पहिली पंगत बसली. पिठलं, भाकरी, ठेचा. पोरं न बोलता जेवत होती आणि विजयश्रीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. रस्त्यानं जाणाऱ्या अर्जुनरावांना बबनरावांनी हाक मारून थांबवलं.

"सूनबाईला मीच म्हनलो, पोरांचे हाल होत्यात, घाल खानावळ. आन टाकीबी मी सोता बसून बसवली."

दिग्विजयनं खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. विजयश्रीनं त्यात भाकरीचा घास घातला आणि पुढच्या ताटाकडं वळली.