आंब्रोस ठाकवेल साहेबांचा मनोरा डोलला, त्याचे वर्तमान

ज्याने डोंगर रचिले आणि नीट रचिले, त्यास नमन. शके सतराशे ब्याण्णव. ते समयी समुद्रापार, टोपीकरांचे मूळ देशी, उत्तरेकडील एका परगण्यात, गिरजे एकवीस, शाळा नऊ, पूल चार, धान्याचा बाजार एक, तुरुंग एक, इतक्या इमारती होत्या. पैकी गिरजे दोन, शाळा सहा, बाजार आणि तुरुंग आंब्रोस ठाकवेल साहेबांनी बांधिले. साहेब पाथरवटाचे पुत्र; राजधानीत त्यांचे नाव कोणास ठाऊक नव्हते, आणि परगण्यात त्यांस पुसल्यावाचून कोणी खुंटी ठोकीत नसे. मग थोरल्या धर्माधिकाऱ्यांनी आज्ञा केली की, कसब्याचे गिरज्यास नवा मनोरा करावा, आणि तो मनास आला तर राजधानीचे महामंदिर बांधणे तुम्हांकडेच. साहेबांनी तीन वर्षे खपून उंच, सडपातळ मनोरा उभा केला आणि आत आठ घंटा टांगिल्या. त्या देशी घंटा नुसती ठोकीत नाहीत; दोर ओढून अवघी घंटाच झुलवितात, आणि आठांचा क्रम दर फेरीस बदलीत प्रहरभर वाजवितात. म्हणोन सर्वांचा झोका मनोऱ्यास एकाच अंगाने न बसावा, यास्तव जुने कारागीर निम्म्या घंटा पूर्वपश्चिम आणि निम्म्या दक्षिणोत्तर झुलतील अशा टांगीत. साहेबांस नकाशात ते वेडेवाकडे दिसले. त्यांनी सर्व एकाच दिशेस टांगिल्या आणि नकाशा बहुत देखणा जाहला.

उद्घाटनाचे आदले दिवशी साहेबांनी शिखरातून ओळंबा सोडिला, खाली परातीत वाळू पसरली आणि घंटा वाजवविल्या. ओळंब्याचे टोकाने वाळूत चार बोटे रेघ उमटली. साहेबांचे तोंड उतरले. घंटाकरांचा नाईक जॉब टिंडल हसोन म्हणाला, "डोलतो तर डोलू द्या, साहेब. आम्हीही रोज पिऊन डोलतो, पडलो काय?"

"तू पडलास तर एकटा पडतोस, जॉब."

घरी त्यांच्या पत्नी हारियेटबाई म्हणाल्या, "उद्याचा दिवस निभवा. महामंदिराची सनद हाती पडो, मग सावकाश दुरुस्त करा. दगड काही चहाडी सांगत नाहीत." साहेबांनी विचार केला की, उद्या निभेल, बहुधा निभेल, परंतु आजवर एकाही इमारतीचा पाया त्यांनी 'बहुधा'वर घातला नव्हता.

दुसरे दिवशी धर्माधिकारी आले, मंडळी दाटली, घंटाकरांनी दोर धरिले, आणि साहेबांनी पुढे होऊन ते सोडविले.

"हे काय, ठाकवेल? वेळ टळते."

"महाराज, घंटा चुकीच्या टांगिल्या आहेत. आज वाजविल्यास मनोरा पडेलच असे नाही. पडणार नाही, असेही मला सांगवत नाही."

धर्माधिकारी जवळ येऊन हळूच म्हणाले, "घंटा टांगणाऱ्या सुताराची चूक म्हणा, म्हणजे प्रकरण मिटते."

"सुताराने नकाशाबरहुकूम केले, महाराज. नकाशा माझा."

धर्माधिकारी गाडीत बसोन निघोन गेले.

सारांश, महामंदिर दुसऱ्याकडे गेले आणि साहेब हयातभर परगण्यातच शाळा, पूल, गोठे बांधीत राहिले. निम्म्या घंटा फिरवून टांगिल्या, ते दिवशी वाळू हारियेटबाईंनी पसरली. जॉब नाईकाने आठही घंटा प्रहरभर वाजवविल्या. रेघ एका जवाचे दाण्याएवढी उमटली.