सबनीसकाकांची साक्ष

सिग्नल हिरवा झाला तरी सबनीसकाका लगेच गाडी काढत नाहीत. तो नीट हिरवा झाला आहे ना, याची आधी खात्री करून घेतात. मागचे लोक हॉर्न वाजवतात, शिव्या देतात. काका आरशात बघून त्यांना हात जोडतात आणि मग पहिला गिअर टाकतात.

शिवाजी पार्कला आमच्या खालच्या मजल्यावर ते एकटेच राहतात. सगळी हयात कोर्टात दुभाषा म्हणून गेली. साक्षीदार बोलेल तेवढंच सांगायचं, पदरचा शब्द घालायचा नाही. ती सवय त्यांच्याबरोबर घरी आली. जिन्यात भेटल्यावर "काय काका, जेवलात का?" विचारलं तर म्हणतात, "कालचं विचारताय की आजचं?"

मध्यंतरी भायखळ्याहून भाजी घेऊन येताना, पुलाच्या चढावरच्या सिग्नलला काका अशीच खात्री करून घेत होते. मागून कांद्याचा एक टेम्पो धडकला. टेललाइट फुटला, डिकीला पोचा आला. टेम्पोचा ड्रायव्हर परडकर, लालबागचा. तो उतरून आला आणि सरळ म्हणाला, "काका, चुकलं माझं. ब्रेक उशिरा लागला."

"चुकलं हे तुमचं मत झालं," काका म्हणाले. "काय घडलं ते क्रमाने सांगा."

हवालदार आला, गाडी बाजूला घ्या म्हणाला. काका म्हणाले, "साहेब, गाडी हलली की पुरावा हलतो." पुलाखालपर्यंत रस्ता तुंबला होता, असं परडकरच मला नंतर मोठ्या कौतुकाने सांगायचा.

कारण त्यानंतर दर रविवारी तो काकांकडे यायला लागला. आला तो डिकीचा पोचा ठोकून देतो म्हणून. काकांनी हात लावू दिला नाही. चहा दिला आणि घटना पहिल्यापासून सांगितली. पहिल्यापासून म्हणजे भाजीची पिशवी शोधण्यापासून. पुढच्या रविवारीही तेच.

खरं भांडण टेम्पोच्या मालकाशी होतं. तो भरपाई द्यायला तयार नव्हता. काकांचीच गाडी चढावरून मागे आली, असं त्याचं म्हणणं. काका इतके दुखावले, की त्यांनी कंपाउंडमध्ये अख्खा अपघात पुन्हा घडवून बघितला. वॉचमन सिग्नल झाला, मी टेम्पो. "अहो, जरा जड चाला," काका मला म्हणाले, "तुमच्यात कांदे भरलेत."

शेवटी मला बरोबर घेऊन ते भायखळ्याला मालकाच्या गाळ्यावर गेले. परडकर दाराशीच उभा होता. काकांनी सुरुवात केली. सांगता सांगता ते जेमतेम मंडईपर्यंत पोचले असतील, तेवढ्यात मोबाइलमधून डोकं न काढता मालक म्हणाला, "म्हणजे तुमचं म्हणणं, तुमची गाडी मागे आली नाही. मग चूक ह्याची. परडकर, चावी ठेव इथे. उद्यापासून येऊ नको."

परडकरने खिशातून चावी काढली आणि टेबलावर ठेवली.

काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"माझा पाय ब्रेकवरून सुटला होता," ते म्हणाले. "गाडी मागे आली. यांचा दोष नाही."

आता मालकाने मान वर केली. "मग इतके दिवस काय भांडत होता?"

"चुकीचं सांगत होतो."

मालकाने चावी परडकरकडे सरकवली. भरपाईचा विषय तिथेच मिटला.

परतताना गाडीत मी म्हणालो, "काका, गाडी तर जागची हलली नव्हती."

"नव्हती."

लालबाग गेलं, परळ गेलं. दादरला आल्यावर ते बोलले.

"मुलगा फोन करतो परदेशातून. मी सांगायला लागलो की म्हणतो, बाबा, थोडक्यात सांगा." काका समोर रस्त्याकडेच बघत होते. "परडकर म्हणतो, मग काय झालं, काका?"