पोर्ट सैदच्या नाक्यावरील कोटांची मोहीम

लहानथोर सर्वांस जाहीर व्हावे की, हाज्जा इन्शिराह यांची स्वारी पोर्ट सैदच्या जकातनाक्यावर कशी चालून गेली, ते आम्ही, त्यांच्या जाऊबाई, खुद्द बरोबर असल्याने पाहिले तसे लिहितो.

हाज्जांची नात रीहाम हिचे लग्न कैरोत ठरले आणि रुखवतात परदेशी कोट नसतील तर सासरची मंडळी नाके मुरडतील, म्हणून हाज्जांनी कंबर कसली. पोर्ट सैद हे करमुक्त बंदर, तेथील परदेशी माल बाहेर काढताना नाक्यावर जकात पडे; म्हणून आमच्या तरुणपणी या नाक्यातून माल नेणे म्हणजे अंगावर चढवून नेणे. बायका सडसडीत आत जात आणि गुबगुबीत बाहेर येत, आणि शिपाई हसून मान फिरवीत. पुढे समुद्रापलीकडील मुलखाशी व्यापाराचा तह होऊन नव्या कपड्यावरील जकात उठली, परंतु सरकार जकात सोडील हे हाज्जांस पटेना. मग ऐन ऑगस्टात खरेदीचे सारे कोट अंगावर घेऊन स्वारी नाक्यावर दाखल झाली.

नाक्याचे अंमलदार वजदी बाशा यांनी पुसले, "हाज्जा, बरं नाही का?"

"थंडी भरलीय, बाशा."

"किती कोटांची?"

मग बाशांनी फर्मावले की, जकात माफ आहे, कोट खुशाल हातात न्यावे. जन्मभराची विद्या फुकट गेली म्हणून हाज्जांचा चेहरा उतरला, आणि एकेक कोट काढून त्यांनी मेजावर ठेवला. बाशांनी हात लावला तो चिंब.

"हे तर वापरलेले! तहात वापरलेल्या कपड्यांना बंदी आहे. जप्त!"

"अरे मेल्या, सकाळीच दुकानातून आणलेत!"

"मग हा घाम काय दुकानदाराचा?"

रुखवत बुडाले ऐसे पाहून आम्ही हाय खाल्ली. परंतु हाज्जांनी झडप घालून एक कोट चढविला आणि कडाडल्या, "आता काढ! परक्या बाईच्या अंगावरचा कपडा ओढणार का, बाशा?"

अंगावरील कपड्यास बंदी असल्याचे तहात कोठेच नव्हते. मग दुसरा, मग तिसरा, ऐसे करीत सारे कोट पुन्हा चढले, आणि शेवटच्याची बाही कोपरात अडकली ती खुद्द बाशांनी ओढून दिली, आणि जुन्या शिपायांसारखी हसून मान फिरविली.

हाज्जा गुबगुबीत होऊन वेशीपार झाल्या. मोटारीचे दार लागेना, ते आम्ही बाहेरून लाथेने लाविले. येणेप्रमाणे जकात माफ असलेला माल चोरून नेऊन नाका फत्ते केला, ही नोंद जाहली.