लोटन आबांची वारा-तपासणी

लोटन आबा कुणाच्याही घरी आले की आधी छताकडे बघतात, माणसांकडे नंतर. आमच्या मुलीच्या साखरपुड्याला मी त्यांना पेढा दिला, तर तो तसाच तोंडात धरून, मान वर करून, ते पंख्याच्या हुकाशेजारची चीर न्याहाळत उभे राहिले. होणारे व्याही शेजारीच होते. त्यांना वाटलं, आबा मनातल्या मनात देवाचं नाव घेताहेत, म्हणून त्यांनीही हात जोडले.

"बाई," आबा शेवटी म्हणाले, "गच्चीवरना शेडले हूक शेत का नुसता तार बांधेल शे?"

मी सुरतेत मराठी शाळेत शिकवते. माझं माहेर साताऱ्याचं, नवरा इच्छापोरला कारखान्यात नोकरीला. डिंडोलीच्या या गल्लीत आलो तेव्हा खानदेशी बोली माझ्या डोक्यावरून जायची. ती मला आबांनी शिकवली, आणि तीही सगळी पत्रे, हूक, वायसर आणि वारा या विषयातूनच. माझ्या अहिराणीत स्वयंपाकाचे शब्द अजून कमी आहेत, पण छप्पर मी पूर्ण बांधू शकते.

आबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. पत्र्याचं त्यांना फार कळत होतं असं नाही. छत्रीच्या टोकाने पत्रा ठोकायचा, कान लावायचा आणि डॉक्टरसारखं 'हं' म्हणायचं, एवढीच विद्या. त्यांच्या गच्चीवर एक बांबू होता आणि त्याला मिलच्या नापास साडीची गुलाबी पट्टी बांधलेली. ती हलली की आबा खाली उतरून गल्लीत फेरी मारायचे. हलली नाही तर जास्तच काळजी करायचे. कुणी थट्टा केली की ठरलेलं उत्तर, "वारा इचारीसन येत नही." टीव्हीवर गुजराती बातम्यांत 'वावाझोडुं', म्हणजे वादळ, हा शब्द आला की त्या दिवशी आबांचं जेवण दाराशी उभ्यानेच व्हायचं.

गल्लीतली निम्मी घरं पत्र्याची. पत्रा उडू नये म्हणून त्यावर वजन ठेवायची इथली जुनी रीत आहे. दगड, स्कूटरचे झिजलेले टायर, फुटका पाटा, जे जड असेल ते. आबा रस्त्यात उभे राहून प्रत्येक छपराचं कौतुक नाहीतर निंदा करायचे. फक्त एका घरासमोर ते गप्प असायचे. ते घर त्यांच्या अगदी समोरचं होतं, त्यांच्या आक्काचं.

सखू आक्का ही आबांची थोरली बहीण. तिच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, लूमवर दोन पाळ्या करून हे घर बांधलं आणि गावाहून आणलेल्या लहान मेहुण्याला याच पत्र्याखाली शिकवलं. पत्र्यावर त्यांनी लूमचं एक मोडकं बिडाचं चाक चढवून ठेवलं होतं. पुढे दाजी गेले. आबांनी समोर स्लॅबचं घर बांधलं आणि वास्तुशांतीच्या पंगतीत, चार माणसांसमोर, मोठ्या प्रेमाने म्हणाले, "आक्का, ते पत्रानं खोपडं आते पाडी टाक. मनाकडे राव्हाले ये." आक्का पानावरून उठली. त्या दिवसापासून अबोला.

पण अबोला म्हणजे बोलणं बंद असं कुणी समजू नये. ते दोघं सतत बोलायचे, फक्त मधे मी असायचे. आबा त्यांच्या ओट्यावर, आक्का तिच्या ओट्यावर, आणि मी रस्त्यात भाजीची पिशवी घेऊन.

"बाई, तिले सांगा, मांगला पत्रा हाली राह्यना."

"बाई, त्याले सांगा, मना पत्रा शे, मी दखी लिसू."

दोघांनाही दोघांचं स्वच्छ ऐकू यायचं, तरी मी सांगेपर्यंत दोघंही थांबायचे. माझी भाजी सुकायची.

अशात बातमी आली की वादळात टिकावीत म्हणून कच्च्या घरांना सरकारी मदत मिळणार आहे. साहेब येऊन घर तपासणार, आणि कमजोर निघालं तर हूक, लोखंडी अँगल, नवे पत्रे, सगळं मिळणार. आबांना सणच आला. कचेरीत खेटे घालून त्यांनी आमची गल्ली त्यात घालून घेतली. मला म्हणाले, "आख्खी गल्लीनं व्हई जाई, बाई." पण म्हणताना नजर कुठे होती ते मला दिसत होतं. भावाने दिलेला खिळासुद्धा आक्काने घेतला नसता. सरकारने दिलेला पत्रा तिने घेतला असता. आबांना त्या एका छपरासाठी सगळी गल्ली मजबूत करावी लागत होती.

साहेब यायच्या आदल्या दिवशी आबा घरोघर बजावत फिरले, "काहीच करू नका. जसं शे तसंच दखाडा." समोरच्या घरी अर्थात मला पाठवलं.

आक्का शेंगा निवडत होती. "साहेब मना घरले उना," ती म्हणाली, "आनि मी त्याले टायर नि धोंडा दखाडू? एकदाव लाज निंघनी तेवढी पुरे शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर आक्काचं घर म्हणजे लग्नघर. ओळखीच्या लूमवाल्यांना बोलावून आक्काने पत्र्यावरचं सगळं उतरवून घेतलं होतं. दगड, टायर, दाजींचं चाकसुद्धा. पत्र्याला चंदेरी रंग, भिंतींना चुना, दाराला तोरण. आत छताला तिने कोऱ्या मोतिया साड्यांची चांदणी ताणून बसवली होती. त्यामागे गंजलेली भोकं, वाळवी लागलेला वासा, सगळं गडप. कुण्या साहेबाच्या बापाला दिसलं नसतं.

साहेब आले, तरुण, घामाघूम झालेले. आक्काने कपबशीत चहा दिला. साहेबांनी वर बघितलं आणि खूश झाले. "माजी, घर तो बहु सरस राख्युं छे."

आबा त्यांच्या ओट्यावरून उतरून रस्त्याच्या मध्यापर्यंत आले होते. पुढे नाही. छत्री घट्ट धरलेली. बाहेर पडताना साहेबांनी त्यांनाच विचारलं, कारण कचेरीत खेटे घालणारे काका म्हणून ते त्यांना ओळखत होते. "काका, यह मकान कैसा है? हवा में टिकेगा?"

सगळी गल्ली बघत होती. आक्का दारात उभी होती, पदर नीट करून. आबांनी एक शब्द उच्चारायचा होता. जो शब्द ते इतकी वर्षं माझ्यामार्फत रोज पाठवत होते, तोच. मी मनात म्हणत होते, बोला आबा, कमजोर म्हणा.

आबांनी आक्काकडे बघितलं. मग खाली रस्त्याकडे बघत म्हणाले, "मजबूत शे, साहेब. मना दाजीनं बांधेल शे."

साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि पुढच्या घरी गेले. संध्याकाळी आक्काने माझ्या हाती शेवभाजीची वाटी दिली. "त्याले द्या." आबांनी ती वाटी पुसून खाल्ली आणि कितीतरी वेळ धरून बसले. त्या दिवशी मलाही वाटलं, पत्रे गेले खड्ड्यात, माणसं तर जोडली गेली.

गल्लीत नवे पत्रे आले, हूक आले. समोरचं घर कागदावर मजबूत, म्हणून त्याला काही नाही. आबांचा जीव टांगणीला लागला. मला म्हणाले, "तिले सांगा, चाक तरी वर चढावी दे." मी सांगितलं. आक्का हसली. तिला हसताना मी फार क्वचित बघितलं होतं.

"रंग खराब व्हई, बाई. आनि त्यानीच साहेबले सांगं ना, मजबूत शे म्हनीसन? तो काय खोटं बोलाव शे?"

हे ऐकून आबा घरात गेले. इतक्या वर्षांत आक्काने त्यांचं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

वादळ आपल्याकडे आलंच नाही. समुद्रातूनच दुसरीकडे वळलं. नुसता त्याचा वारा आणि पाऊस आला, भरदुपारी. आबांची गुलाबी पट्टी तुटून गेली. मग समोरचा चंदेरी पत्रा कोपऱ्यातून उचलला गेला, पान उलटावं तसा, आणि त्याच्यामागे बाकीचे. मी दाराशी पोचेपर्यंत आबा रस्ता ओलांडून आत शिरले होते. आत त्यांना चांदणीच्या ओल्या साड्यांखाली आक्का सापडली. तिला खरचटलंही नव्हतं. तिला धरून त्यांनी आपल्या ओट्यावर आणून बसवलं. घरात ये म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही, आणि आक्का आपणहून उठली नाही. तिची मुलगी कडोदऱ्याहून येईपर्यंत दोघं भाऊबहीण ओट्यावर बसून भिंतीवरून चुना ओघळताना बघत होते.

निघताना आक्का सामान बघायला आपल्या घरात गेली. ट्रंक उचलायला आबा आणि मी. ती दाजींच्या फोटोची काच पदराने पुसत होती. पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, सरळ भावाला म्हणाली,

"लोट्या, त्या दिनले तू खोटं काबर बोलना रे?"

मी तिथे असून नसल्यासारखी झाले. माझं काम संपलं होतं. आबांनी सवयीने मान वर केली. वर काही नव्हतं, नुसतं आभाळ होतं. ते तसेच बघत राहिले. आक्काने थोडी वाट बघितली आणि फोटो ट्रंकेत ठेवला.

आता ती कडोदऱ्याला असते. ते चाक आबांनी आपल्या ओट्यावर आणून ठेवलंय. वारा सुटला की ते माझ्याकडे येतात. "आक्काले फोन लावा बाई. इचारा, तठे छत कसं शे."

मी लावते. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "त्याले सांगा, सलॅब शे. यीसन दखी जाय."

मी निरोप जसाच्या तसा सांगते. कडोदरा काही लांब नाही, रिक्षा गल्लीच्या तोंडाशी मिळते. मी तेही सांगते. आबा छत्री उघडतात, मिटतात.

"सलॅब शे ना? मंग मना तठे काय काम, बाई?" म्हणतात, आणि आमच्या पंख्याजवळची चीर बघत बसतात.