नवं कर्नल, अर्धा मोर

आता तुम्हीच सांगा, भरवसा कोणावर ठेवावा? संगणकावर, भाच्यावर, की नवऱ्याच्या आत्मविश्वासावर?

मुलचेऱ्यात लियाकतभाईंचं नळ-पाइपचं दुकान. मागच्या खोलीत त्यांच्या बायकोची, शकिलाबाईंची, भरतकामाची मशीन आणि तिला नक्षी पुरवणारा म्हातारा संगणक. त्यात ऊर्जानगरच्या तौसीफनं, म्हणजे भाच्यानं, लिनक्स (म्हणजे संगणक चालवणारी फुकटची प्रणाली) घालून दिलेलं. त्या दिवशी सांजेला गिऱ्हाईक नीलिमाचं लग्न. तिच्या ब्लाउजच्या पाठीवर मोराची मान झालेली, पिसारा बाकी. शकिलाबाई चहा ठेवायला उठल्या आणि पडद्यावर विचारणा आली: नवं कर्नल आलंय, घ्यायचं? (कर्नल म्हणजे यंत्राचं काळीज. भाईंनी एवढंच पाहिलं की फुकट आहे.) त्यांनी 'हो' दाबलं. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं ओकला आणि गप्प बसला.

"अजी, काय केलं तुम्ही?"

"काही नाई. नवं काळीज बसवलं."

"चांगलं चालत होतं ते काऊन बदललं?"

भाई दुकानातून खोलीत, खोलीतून दुकानात. अर्धा इंची पाइप मागणाऱ्याला दोन इंची दिला. तेवढ्यात नीलिमाची आई गुणाबाई येऊन बसली. "भाऊ, पोरगी का अर्धा मोर घालून मांडवात बसन?"

भाईंनी तौसीफनं दिलेला पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला. पडदा कसा लख्ख! "बन गया!" भाईंनी चौकापर्यंत जाऊन सांगितलं. परत आले तर शकिलाबाई डोक्याला हात लावून. आत एकही नक्षी नाही.

 भाईंनी तौसीफला फोन लावला.

"मामू, ते पेनड्राइव्हमधलं लिनक्स होय. तुमचा माल आतल्या डिस्कवरच हाय. तुम्ही लॉजच्या खोलीत बसून घरची पेटी हुडकून राह्यले!"

पेनड्राइव्ह काढला. पुन्हा काळा पडदा.

शकिलाबाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकाले काय सांगता तुम्ही? नवी तोटी बसली नाई तर काढलेली परत लावा, फेकू नका. मंग याचं जुनं कुठी गेलं?"

फोनमध्ये तौसीफ हसला. "मामी, आतच राहते! सुरू होताना यादी येते, तिच्यातून जुनं कर्नल निवडा. मामूले दिसली नाई का?"

"दिसते," भाई पुटपुटले, "पण मी लगेच एंटर दाबतो. वाचाले वेळ कोणाले हाय?"

जुनं कर्नल धावलं. वरात मांडवाच्या दारात येईस्तोवर पिसारा फुलला.

आता भाई सांगत फिरतात, संगणक मीच दुरुस्त केला. तुमच्या कानावर आलं तर हिशोब खरा ठेवा. बिघाड भाईंच्या नावावर, अक्कल शकिलाबाईंच्या. फोन लावला, तेवढा भाईंच्या नावावर धरा.

पण तोही मोबाइल शकिलाबाईंचाच होता.