दोनशे तेरा वेळा होय

गावाची प्रगती नकाशावर दिसल्याशिवाय ती झाली असं मानता येत नाही. आणि एकदा नकाशावर दिसली, की ती प्रत्यक्षात व्हायची फारशी गरज उरत नाही.

आहुप्याच्या वाटेवरच्या उंबरवाडीतले निवृत्त कंडक्टर कुंडलिकभाऊ यांना हे जरा उशिरा कळलं. घोडेगावच्या एका प्रशिक्षणात शिकवायला आलेल्या साधनाताईंनी त्यांच्या फोनमध्ये नकाशाचं एक ॲप घालून दिलं. नकाशा कोणाच्याच मालकीचा नव्हता, म्हणून तो सर्वांनी मिळून भरायचा होता. भरणाऱ्याला तांत्रिक ज्ञान अजिबात नसलं तरी चालेल, अशीच ॲपची रचना होती (ही पात्रता भाऊंकडे भरपूर होती). जागेवर उभं राहायचं, ॲप प्रश्न विचारतं, आपण 'होय' किंवा 'नाही' दाबायचं. प्रत्येक उत्तराला एक तारा.

अकरा दिवसांत भाऊंनी दोनशे चौदा उत्तरं दिली. पैकी दोनशे तेरा 'होय'. रस्ता डांबरी आहे का? होय (डांबराची दोन पिंपं तीन वर्षं कडेला पडून होती). दिवे आहेत का? होय (खांब होते, उजेडाचं ॲपनं विचारलं नाही). थांब्याला छप्पर? होय (उंबराचं). एकुलतं एक 'नाही' पडलं ते 'जड वाहनांना बंदी आहे का?' या प्रश्नाला. ते अगदी खरं होतं. बंदी कोणी घातलीच नव्हती, वाहनंच येत नव्हती.

"परक्या माणसानं इचारल्यावर गावाचं उणं सांगायचं व्हय?" भाऊ बायकोला म्हणाले. "घरात साखर नसली तरी पावण्याला च्या घेणार का म्हणतोच की आपण."

"मंग त्या डांबरावरनं मला दवाखान्यात न्या," झुंबरबाई म्हणाल्या.

त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. बांबूला घोंगडी बांधून त्या झोळीतून त्यांना डिंभ्याच्या रस्त्यापर्यंत तासभर न्यावं लागे, आणि त्या वाटभर लाजेनं पदर तोंडावर घेत. त्यांच्यासाठीच भाऊ नऊ वर्षं रस्त्याच्या अर्जामागे फिरत होते.

त्याच महिन्यात अर्जाची पाळी आली. रस्ते खात्याच्या साहेबांनी भाऊंना समोर बसवून स्थळपाहणी केली, म्हणजे कॉम्प्युटर उघडला.

"वाडीला डांबरी रस्ता आहे की! दिवे, छपराचा थांबा. स्थानिक माणसानं जागेवर उभं राहून भरलंय."

"त्यानं खोटं भरलंय, साहेब."

"दोनशे चौदा तारे आहेत त्याला. तुम्हाला किती?"

"तेवढंच," भाऊ म्हणाले. "त्यो मीच हाय."

साहेब चक्क उठून उभे राहिले. भाऊंचा हात हातात घेऊन, असे जागरूक नागरिक हवेत म्हणाले आणि फाइलवर लिहिलं, 'रस्ता उपलब्ध. प्रकरण निकाली.' भाऊंचा असा सत्कार आयुष्यात झाला नव्हता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुदैवानं दिलेलं उत्तर बदलता येतं. ते बदला, मग नवा अर्ज करा, असं साहेबांनीच सुचवलं होतं. दुसऱ्या दिवशी भाऊ दारासमोर वाटेत उभे राहिले, अंगठा 'नाही'वर नेला, आणि फोन वाजला. पुतण्या स्वराजला सांगून आलेल्या मुलीचा बाप जुन्नरहून बोलत होता. रस्त्यापायी स्वराजची आधीच तीन स्थळं मोडली होती.

"पावणं, नकाशात डांबर दिसतंय. गाडी दारात येती ना?"

भाऊंनी वळून पाहिलं. झुंबरबाई दारात बसून ऐकत होत्या.

"येती की! लई भारी रस्ता. बिनघोर या," भाऊ म्हणाले.

गुरुवारी झुंबरबाईंना झोळीतूनच नेलं. पुढचा खांदा भाऊंचा होता.

"सावकाश चला," झोळीतून आवाज आला, "डांबर निसरडं हाय."

भाऊंना रडूच आलं.

भाऊंना हसायला तुम्हाला काहीच हरकत नाही. डांबराचं ते 'होय' अजून नकाशात आहे आणि 'नाही' कोणालाही दाबता येतं. फक्त हसण्याआधी एवढं आठवून पाहा: मागच्या वेळी पाहुण्यांनी फोनवर "रस्ता कसा आहे?" असं विचारलं, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?