धुंडिराज साळिंदराची पानं आणि दरबारचा दगड

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांकडे टेलिफोन होता. फक्त तो लागत नसे.

फोन म्हणजे एक पोकळ भोपळा. भोपळ्यातून निघालेली गुळवेल उंबरावरच्या एक्स्चेंजपर्यंत जायची. तिथे बसलेली माकडं या वेलीचं टोक त्या वेलीला जोडायची. पलीकडच्या सागटेकडीवर तीनशे भोपळे होते आणि तिकडे जाणाऱ्या वेली होत्या पाच. त्यामुळे दहातल्या सात वेळा भोपळ्यातून मैनेचा गोड आवाज यायचा, "आपण ज्या प्राण्याशी संपर्क साधू इच्छिता, तो सध्या दुसऱ्या प्राण्याशी बोलत आहे."

एक्स्चेंजच्या मोजणीचं काम धुंडिराज साळिंदराकडे होतं. तो शाळेत गेला नव्हता. पाहून पाहून शिकला होता. अंगावरचा एक काटा उपटायचा, करवंदाच्या रसात बुडवायचा आणि दिसेल ते तारीख घालून लिहायचं, ही त्याची जुनी सवय.

त्याची थोरली बहीण काशी सागटेकडीवर राहायची. तिचे पाय दुखायचे. ती त्याला म्हणाली, "धुंडू, या आठवड्यात तुला चारदा फोन लावला. दर वेळी मैनाच भेटली. आता चांगली ओळख झालीय आमची. पण उद्या वणवा लागला तर तीच येणार का मला उचलायला?"

धुंडिराजाने वाघमहाराजांकडे आणखी दहा वेली मागितल्या. महाराज म्हणाले, "गर्दी आहे हे सिद्ध कर. वेली देतो."

धुंडिराजाने मुंग्या बोलावल्या. टेकडीवरच्या प्रत्येक भोपळ्यापाशी एक मुंगी, प्रत्येक मुंगीला पळसाचं एक पान. कुणी भोपळा उचलला की तिथल्या मुंगीने आपल्या पानावर एक रेघ मारायची. दुसरीच्या पानात डोकवायचं नाही. एकदा मारलेली रेघ पुसायची नाही. एखादी मुंगी आजारी पडली तर तिच्या जागी दुसरी नवं पान घेऊन बसायची. बाकीच्यांना कळायचंही नाही. सूर्य मावळताना पानं धुंडिराजाकडे यायची आणि तो रेघा मोजायचा.

हे प्रधानजींना आवडलं नाही. प्रधानजी म्हणजे तरस. ते महाराजांना म्हणाले, "तीनशे मुंग्या, तीनशे पानं. याला राज्यकारभार म्हणतात का? महाराजांना एक आकडा हवा. एक जंगल, एक दगड."

दरबारात एक गुळगुळीत दगड उभा केला. रीत सोपी होती. फोन झाला की मुंगीने दगडापाशी यायचं. खालून आकडा वाचायचा, त्यात मनात एक मिळवायचा, वर चढायचं, जुना आकडा पुसायचा, नवा करवंदाच्या रसाने लिहायचा. प्रहर पालटला की माकडांनी आकडा टिपून घ्यायचा आणि दगड धुवायचा.

दोन्ही मोजण्या एकाच दिवशी झाल्या. सकाळच्या प्रहराला पानांवर वीस, दगडावर अठरा. भर दुपारी पानांवर एकशे ऐंशी, दगडावर अकरा.

"बघा," प्रधानजी म्हणाले. "दुपारी जंगल झोपलेलं असतं."

"झोपलेलं नसतं," धुंडिराज म्हणाला. "दुपारी मुंग्या एकदम येतात. सात जणी खाली उभ्या राहून तीन वाचतात. साती जणी चढतात आणि साती जणी चार लिहितात. सहा फोन दगडावर येतच नाहीत. गर्दी जितकी जास्त, तितका आकडा कमी."

महाराजांनी विचार केला. "सातही मुंग्यांनी चारच लिहिला?"

"हो महाराज."

"म्हणजे त्यांचं एकमत आहे."

"आहे महाराज."

"मग तुझं भांडण कशाचं आहे?"

धुंडिराजाने तो प्रश्न त्या दिवशीच्या पानावर तारीख घालून लिहून ठेवला.

दहा वेली नामंजूर झाल्या. शिवाय दुपारी गर्दी नसते हे दगडाने सिद्ध केलं होतं, म्हणून दुपारी पाचातल्या चार वेली बंद ठेवून माकडांना झोपायची सवड दिली. पळसाची पानं जमवायला बंदी आली.

मग चैत्रातल्या एका दुपारी सागटेकडीवर वणवा लागला.

नेमके त्याच दिवशी वाघमहाराज टेकडीवर विश्रांतीला गेले होते. शेपटीला चटका बसला तसे ते उठले आणि जवळचा भोपळा उचलून ओरडले. त्याच क्षणी टेकडीवरचे बाकीचे भोपळेही उचलले गेले. उघडी असलेली एकच वेल त्या भाराने अडली आणि तीनशे जणांना मैना म्हणाली, "आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे."

काशीने ते ऐकलं, भोपळा टाकला आणि दुखऱ्या पायांनी नदीकडे पळाली. तिच्यामागून सगळे पळाले. जीव वाचले. टेकडी जळाली. काशीचे निम्मे काटे गेले.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. जळकी शेपटी मांडीवर घेऊन महाराजांनी विचारलं, "टेकडीवरून मदतीला किती फोन आले?"

सगळे दगडाकडे वळले. वणव्याच्या वेळी दगड नुकताच धुतला होता, आणि नंतरच्या धावपळीत तो पुन्हा धुवायचा राहिला होता. तीनशे मुंग्या एकदम आल्या होत्या. सगळ्यांनी शून्य वाचलं होतं. मग एकेक वर चढली. तिने आधीचा एक पुसला आणि आपला एक लिहिला.

"एक," प्रधानजी म्हणाले.

महाराज चमकले. "एकच? अरे, तो तर मी लावला होता."

प्रधानजींनी समाधानाने मान डोलावली. "म्हणजे महाराज, मोजणी अचूक आहे."

दरबाराने माना डोलावल्या. मागे उभी असलेली काशी भावाच्या कानाशी येऊन म्हणाली, "मग धुंडू, मी काय लावलं होतं रे? वरण?"

निकाल लागला. सागटेकडीवर ज्या एका प्राण्याला फोनचा त्रास झाला होता, त्याच्या गुहेला स्वतंत्र वेल मंजूर झाली. दगडाला शेंदूर लावला. दगड रोज धुण्याचं काम धुंडिराजाला दिलं, कारण त्याला मोजणीचा अनुभव होता.

धुंडिराज दगड धुतो. धुऊन झाला की इकडेतिकडे बघतो, एक काटा उपटतो आणि काखेतल्या पळसाच्या पानावर तारीख घालतो.

तात्पर्य: बाळांनो, संकटात सापडायचंच असेल तर एकेकट्याने सापडावं, आणि आधीच्याचा आकडा वाळेपर्यंत थांबावं. सगळे मिळून एकदम ओरडलात तर ते एकाचंच ओरडणं धरलं जातं. तो एक कोण, हे विचारायची गरज नसते. त्याच्या गुहेत फोन लागतो.